रामगिरीच्या पायथ्याचे पाणी

सहामाही परीक्षेचे पेपर तपासताना शाळामास्तराला हसू येण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. खाली मान घालायला लावणारे थोडे. यंदा सातवीच्या मुलांना मी निबंधाला विषय दिला होता, 'माझ्या गावाचा इतिहास'. बहुतेकांनी मारुतीचे देऊळ, ग्रामपंचायत आणि आठवडी बाजार यांवर पान भरून काढले. एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली होती : 'माझ्या गावाला इतिहास नाही, कारण माझे गाव आता मिहान आहे.'

तांबडी पेन्सिल हातात तशीच राहिली. ओळ चुकीची म्हणावी, तर तिच्यात खोटे असे काय होते? नागपूरहून वर्धा रोडने निघाले की खापरीच्या आसपास हा मुलूख लागतो. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही इथली जुनी नावे. त्यांच्या शिवारांवर आता विमानांचे कारखाने, संगणकाच्या कचेऱ्या, मोठे रुग्णालय आणि व्यवस्थापनाचे विद्यालय उभे आहे. आणि या साऱ्याला मिळून जे नाव पडले, ते कोणा देवावरून, झाडावरून किंवा पाटलावरून पडलेले नाही. 'मल्टिमोडल इंटरनॅशनल हब एअरपोर्ट ॲट नागपूर' या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले. ज्या नावाचा जन्म कागदावर झाला, त्याला आजी-पणजी कुठून असणार, असे त्या पोरीला वाटले असेल तर नवल नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. ताम्रपट वाचणे हे माझे काम नव्हे. शिवाय चार कादंबऱ्या लिहिलेल्या. तेव्हा नसलेले असल्यासारखे सांगण्याची जुनी खोड. पण त्या ओळीला उत्तर देणे भाग होते, आणि ते फळ्यावर देण्यासारखे नव्हते. म्हणून कोजागिरीनंतरच्या रविवारी वर्गातली वीसबावीस मुले घेतली, डब्यांत पोळी आणि बेसन बांधून घेतले आणि पहाटेच्या अंधारात आम्ही रामटेकची वाट धरली.

खापरीहून रामटेक साठेक किलोमीटर. नागपूर मागे पडले, कामठी गेली, कन्हानच्या पुलावर उजाडले. आमच्याकडच्या शेतांत कापसाची बोंडे नुकती उकलू लागली होती. इकडे मनसर गाठेपर्यंत धानाचे बांध दिसू लागले, आणि लोंब्या पिवळ्या पडून खाली वाकल्या होत्या. एका मुलाने विचारले, "सर, क्यालेंडरवर दाखवतात तशी लाल पानं तिथं दिसतील का जी?" परदेशी शरदाची ती चित्रे आता घरोघरी गेली आहेत. डोंगर, मध्ये निळे सरोवर आणि भोवती शेंदरासारखी पेटलेली झाडी!

त्याला म्हटले, "अरे, ती झाडे आपल्याहून वेगळ्या धाकात वाढलेली." थंड मुलखात दिवस लहान होऊ लागला आणि गारठा पडला की पानातले हरितद्रव्य नाहीसे होते. त्याखाली दडलेला पिवळा रंग वर येतो. काही झाडांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. मग पान गळते. आपल्या रानातला साग, तेंदू, पळस हीही पानझडीचीच झाडे. पण त्यांची पाने गळतात ती मुख्यतः जमिनीतले पाणी आटत चालल्यामुळे, माघ-फाल्गुनाकडे. तिकडच्या झाडाला थंडीचे भय, इकडच्याला तहानेचे. आश्विन-कार्तिकात आपल्याकडे पाणी भरपूर असते, म्हणून पान अजून हिरवे. आपल्या शरदाचा रंग पाहायचा तर तो वाळत्या गवताच्या सोन्यात, धानाच्या पिवळेपणात आणि भरलेल्या तलावाच्या निळाईत पाहावा.

रामटेकला गडावर जायला आता मोटारीचा रस्ता आहे. आम्ही तो घेतला नाही. टेकडीच्या कुशीत अंबाळा तलाव आहे, तिथून पायऱ्यांची जुनी वाट वर चढते. वाट सोपी, आजीलाही नातवाचा हात धरून थांबत थांबत चढता यावी अशी. तलावाभोवती दगडी घाट आणि लहानमोठी देवळे आहेत. इथे स्नान करून एका राजाचे कोड गेले, अशी दंतकथा आहे, आणि विदर्भातली कितीतरी घराणी आजही पितरांचे विधी करण्यासाठी या काठावर येतात. एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. "औंदा पानी मस्त हाये जी," ती म्हणाली, "शिंगाडाबी मोठा झाला." मुलांनी टोपली अर्धी केली.

पायऱ्या चढता चढता दोन्ही अंगांना सीताफळीची झुडपे लागली. गवत कमरेएवढे, आणि त्याचे शेंडे पिवळे पडलेले. सागाच्या टोकांना वाळक्या फुलोऱ्याचे झुबके होते. पायऱ्या संपतात तिथे उजव्या हाताला एक फार जुनी बारव आहे, आणि डाव्या बाजूला नरसिंहाची दोन मंदिरे. एक रुद्रनरसिंह, दुसरे केवलनरसिंह. यात्रेकरू इथे हात जोडून पुढे गडाच्या दरवाजाकडे जातात. आम्ही इथेच बसलो. कारण मला जे दाखवायचे होते, ते इथे होते.

सोळाशे वर्षांमागची गोष्ट. विदर्भावर तेव्हा वाकाटकांचे राज्य होते. त्यांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे टेकडीवरून समोर दिसते ते नगरधन. उत्तरेत गुप्तांचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त राज्य करीत होता. त्याची आणि कुबेरनागा राणीची मुलगी प्रभावतीगुप्ता. ती वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिलेली होती. रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान. तेव्हा या विधवा राणीने युवराज दिवाकरसेनाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि निदान तेरा वर्षे तो चालविला. त्या तेराव्या वर्षी तिने नंदिवर्धनाहून दिलेला ताम्रपट पुण्यात मिळाला. पुढे दुसरा मुलगा प्रवरसेन गादीवर आल्यानंतर, त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने आणखी एक दान दिले. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. दानाचे ठिकाण त्यात दिले आहे ते रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी. ते पाय याच टेकडीवरचे. हा प्रवरसेन म्हणजेच 'सेतुबंध' या काव्याचा कर्ता. ते काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत म्हणा ना.

२०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले, तेव्हा मातीची एक लहानशी मुद्रा मिळाली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे आणि शंखाचे चिन्ह आहे. सोळाशे वर्षे मातीखाली राहून एका बाईचे नाव वर आले.

पण त्याच्याही आधी तिचे नाव इथे, या केवलनरसिंहाच्या मंदिरात वर आले होते. मंडपाच्या भिंतीवर पिढ्यान् पिढ्या चुन्याचे थर चढत गेले होते. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात डागडुजीच्या वेळी ते निघाले, आणि खाली अक्षरे दिसली! वाकाटकांच्या काळचा शिलालेख. बराच झिजलेला, ओळीच्या ओळी मधूनच तुटलेल्या. विद्वानांनी मोठ्या कष्टाने जे लावले, त्यात चंद्रगुप्ताच्या मुलीची हकीकत आहे. 'प्रभावतीस्वामी' असे देवाचे नाव आहे, म्हणजे राणीच्या स्मरणार्थ स्थापलेला देव. कदलीवाटक नावाचे गाव आहे. आणि 'सुदर्शन' नावाच्या एका जलाशयाचा उल्लेख आहे.

ती निबंधवाली मुलगी भिंतीच्या अगदी जवळ गेली. अक्षरांवरून बोट न टेकवता फिरवीत तिने विचारले, "सर, चुना लावला तेव्हा कोणी वाचलं नाही का जी?"

"बाई," मी म्हटले, "दिवाळीच्या आधी तुझी आई भिंतीला चुना देते, तेव्हा भिंतीवर तू पेन्सिलीने काय लिहिले होतेस ते ती वाचत बसते का?" चुना देणाऱ्यांनी भक्तीनेच दिला. देव स्वच्छ दिसावा, सण साजरा व्हावा. त्यांच्या हातून राणीचे नाव झाकले गेले, आणि कदाचित त्याच चुन्याने त्यातली काही अक्षरे जपलीही असतील. लिहिलेले वाचता येईनासे झाले, की ते पुसण्यासाठी शत्रूची गरज राहत नाही.

आता या 'सुदर्शन' नावाची कथा. ते नाव या भागात नवे होते. पण देशात फार जुने. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी जुनागढजवळ सुदर्शन नावाचे एक सरोवर होते. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने ते बांधविले. अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या अधिकाऱ्याने त्याला पाट काढले. इ. स. १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाच्या काळी मोठे वादळ होऊन बांध फुटला. मंत्री म्हणाले, एवढे खिंडार बुजणार नाही. तरी सुविशाख या अधिकाऱ्याने तो पुन्हा बांधला, आणि गावकऱ्यांवर कर न लादता, वेठ न लावता बांधला, हे रुद्रदामनाने खडकावर मुद्दाम कोरून ठेवले आहे. पुढे स्कंदगुप्ताच्या राज्यात, इ. स. ४५५-५६ च्या सुमारास, पावसाने तो पुन्हा फुटला, आणि पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित याने दुरुस्त केला. हाही लेख त्याच खडकावर आहे. एका तलावाचा सात-आठ शतकांचा हिशेब एका शिळेवर!

स्कंदगुप्त हा प्रभावतीच्या भावाचा, कुमारगुप्ताचा, मुलगा. म्हणजे भाच्याच्या राज्यात सौराष्ट्रातले सुदर्शन दुरुस्त होत होते, आणि इकडे आत्याच्या देवळात सुदर्शन नावाचा जलाशय कोरला गेला होता. कादंबरीकाराची जीभ इथे वळवळते. राणीला काठावर उभी करावी, पाण्यात तिचे प्रतिबिंब पाडावे, माहेरच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणावे! पण इतिहासात ती मुभा नाही. भिंतीवर आहे तेवढेच घ्यावे. भिंतीवर गावाचे नाव आहे, देवाचे नाव आहे, आणि पाण्यालाही स्वतःचे नाव आहे. ज्या लोकांनी देवाइतकेच तलावालाही नाव देऊन दगडावर चढविले, त्यांना गाव कशावर टिकते ते ठाऊक होते.

नरसिंहाकडून आम्ही गडाच्या दरवाजाशी आलो. आत वराहाची एकसंध दगडी प्रचंड मूर्ती आहे. तिच्या पायांमधून जो निघेल तो पुण्यवान, अशी समजूत असल्याने सगळा वर्ग पुण्यवान होऊन आला. पुढे सिंहपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे ओलांडत वर गेलो. पहिल्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून नागपूरकर भोसल्यांची या देवस्थानावर मोठी श्रद्धा. तट आणि दरवाजांवर त्यांच्या अमदानीची खूण आहे. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्र याच्या काळचा, तेराव्या शतकाच्या अखेरीचा शिलालेख आहे. त्यात या टेकडीचे माहात्म्य आहे आणि भोवतीच्या तीर्थांची नावे आहेत. तीर्थ म्हणजे काय? पाण्याचाच काठ. देवळे सांगताना यादवांचा कवीही पाणी सांगायला विसरला नाही.

त्याच तेराव्या शतकात गुजरातेतला एक राजपुत्र रामटेकच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडला. वाटेत त्याला रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले. पुढे तो चक्रधर स्वामी झाला, आणि त्यांच्या आठवणींतून 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ निर्माण झाला. राणीचा ताम्रपट जिथे सापडला, ते हेच रिद्धपूर.

गडावरच्या सावलीत डबे सोडले. इथे बसून कालिदासाचे नाव न काढणे कठीण. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मोठ्या पांडित्याने मांडले. छत्तीसगडातल्या रामगडाचा पक्ष घेणारेही आहेत. तो वाद पंडितांचा. मला मुलांना दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक अशी, की पहिल्याच श्लोकात कवी रामगिरीची ओळख करून देतो ती सीतेच्या स्नानाने पवित्र झालेल्या पाण्याने आणि दाट सावलीच्या झाडांनी. शिखर नाही, महाल नाही. पाणी आणि सावली. दुसरी अशी, की आपण सारे आषाढाचा मेघ लक्षात ठेवतो आणि यक्षाची सुटका विसरतो. त्याचा शाप संपतो तो विष्णू शेषशय्येवरून उठतो त्या दिवशी, म्हणजे कार्तिकी एकादशीला. दिवाळीची अमावास्या झाली की अकराव्या दिवशी तो मोकळा! पुढे चारपाच दिवसांत त्रिपुरी पौर्णिमा येते, आणि रामटेकची यात्रा भरते. आषाढात ज्या पाण्याची वाट पाहिली, ते कार्तिकात तलावांत भरलेले असते. विरह संपायला कवीने हाच महिना निवडला.

डबे आवरून आम्ही तटावर आलो, आणि मुले एकदम गप्प झाली. डोंगरांच्या वेढ्यात खिंडसीचा जलाशय पसरला होता. काठाला हिरवे रान, त्याखाली गवताची पिवळी किनार, मध्ये निळे पाणी. सकाळच्या त्या पोराने मान्य केले, की क्यालेंडर काही एवढे खास नाही. सूर नदीला बांध घालून हा जलाशय ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तयार झाला. खालच्या धानाला वेळेवर पाणी मिळावे, हा हेतू. धान हे पीक मोठे नाजूक. ऐन दाणा भरायच्या वेळी पाणी चुकले की लोंबी भरत नाही. समोर पसरलेली ती पिवळी शेते या निळ्या पाण्यामुळे पिवळी होती. रामटेकच्या प्रसिद्ध पानमळ्यांनाही बारमाही ओल लागते; विड्याच्या पानाला एक दिवसाची तहान सोसत नाही.

पण खिंडसी हा धाकटा भाऊ. त्याच्या आधी पूर्व विदर्भात गावोगावच्या लोकांनी हजारो तलाव बांधले. भंडाऱ्याकडचा कोहळी समाज या विद्येत वाकबगार. जमिनीचा उतार नजरेने हेरायचा, मातीची 'पार' घालायची, पाणी सोडायला 'तुडूम' बसवायचे, जादा पाणी जायला 'सलंग' ठेवायचा. हे शब्द आजही तिकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि त्याचे लाडके संक्षिप्त रूप झाले 'मामा तलाव'. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून ते सहा हजारांवर आहेत. मी त्या मुलीकडे वळून म्हटले, "बघ, 'मामा' हेही आद्याक्षरांचेच नाव. पण ते ऐकून कोणी म्हणत नाही की तलावाला इतिहास नाही."

ती हसली नाही. "पण सर," ती म्हणाली, "राणीचं नाव भिंतीवर हाये. माती वाहणाऱ्याईचं कुठी हाये?"

या प्रश्नापुढे माझी मास्तरकी संपली. पुष्यगुप्त, तुषास्फ, सुविशाख, चक्रपालित ही अधिकाऱ्यांची नावे खडकाने जपली. पाटी डोक्यावर घेणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्या खडकावर नाही. रुद्रदामनाने वेठ लावली नाही हे अभिमानाने कोरले, यावरूनच इतरत्र ती लागत असणार हे समजावे. "ती नावे दगडावर नसतात," मी म्हटले, "ती घरात विचारावी लागतात, आणि विचारायला उशीर झाला की तीही चुन्याखाली जातात." याहून अधिक मला सांगता आले नाही.

परत येताना मोटारीत मुले झोपली. धानाची शेते मागे पडली, कन्हान ओलांडली, नागपूरचे दिवे लागले. आमच्या गावाजवळ आलो तेव्हा मिहानच्या रुंद रस्त्यांवरचे दिवे ओळीने पेटले होते.

वाचकहो, दिवाळीच्या या चार दिवसांत घरोघर माणसे जमतील. भिंतींना नुकताच चुना दिलेला असेल. फराळाचे ताट पुढे असताना एखाद्या म्हातारीला विचारून पाहा, की आपल्या गावची विहीर कोणी खणली, तळ्याची माती कोणी वाहिली. उत्तर मिळेल ते लगेच लिहून ठेवा. गाव राहील की नाही, त्याचे नाव बदलेल की काय, हे आपल्या हाती नसते. तेवढे लिहून ठेवणे असते.

सहलीनंतर आठवड्याने त्या मुलीने न सांगता दोन पाने आणून दिली. वर मथळा तोच, 'माझ्या गावाचा इतिहास'. पहिले वाक्य असे होते : 'गावाच्या उगवतीला तळे आहे, आणि माझी आजी लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात तिने त्या तळ्यातला गाळ डोक्यावर वाहून आमच्या वावरात टाकला आहे.' खाली आजीबरोबर पाट्या वाहणाऱ्या अकरा बायांची नावे होती, आजीने सांगितली त्या क्रमाने. वावर आता नाही. तळे आहे.

जुन्या उत्तरपत्रिकेवरचे गुण मी खोडले आणि नवे दिले.